थाळा कुणापुढे धरायचा?

आमच्या बेळगुंदीत बैठक म्हटली की ती देवळात. रात्रीची जेवणं उरकली, धारा झाल्या, गोठ्याचे दिवे मालवले की माणसं एकेक करून रवळनाथाच्या सभामंडपात येतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, नारळ फुटतो, मग विषय निघतात. रताळ्याला यंदा दलाल काय दर देणार, राकसकोपच्या रस्त्याचं काम कुठे अडलं, कन्नडमध्ये आलेली नोटीस कुणाला वाचता येते का, उताऱ्यावरची चूक दुरुस्त करायला तालुक्याला किती खेपा घालायच्या. निवडणूक जवळ आली असेल तर हे सगळं भराभर मागे पडतं आणि एकच विषय उरतो. यंदा कोण?

मी सरकारी शाळेत मास्तर होतो तोवर मागच्या खांबाला टेकून नुसता ऐकायचो. नोकरीत असताना राजकारणात बोलायची मुभा नव्हती. निवृत्त झाल्यावर पुढच्या ओळीत बसू लागलो आणि महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कामात हात घातला. या बैठकांनी मला पुष्कळ शिकवलं. त्यांतल्या एका रात्री माझ्या हातून जे झालं, ते आज लिहायला बसलो आहे. प्रश्न दिसायला गावचा आहे, पण तो देवाचाही आहे: माणसाचं मत देवाच्या नावाने बांधता येतं का?

बाहेरच्या वाचकाला थोडं सांगावं लागेल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगावचा आमचा मराठी भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. तो महाराष्ट्रात यावा ही समितीची मागणी. १ नोव्हेंबर आम्ही काळा दिन म्हणून पाळतो. या सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो २००४ साली. दावा अजून उभा आहे. या सगळ्या वर्षांत मराठी माणसाला आपलं म्हणणं मांडायला एकच हुकमी जागा होती, मतपेटी. म्हणून आमच्याकडे उमेदवार वरून येत नाही, खालून निघावा असा रिवाज पडला. गल्लीतले पंच बोलतात, गाव आपली माणसं तालुक्याच्या बैठकीला पाठवतं, इच्छुकांची नावं पुढे येतात, निवड समिती बसते, आणि एकदा नाव ठरलं की बाकीच्यांनी माघार घ्यायची. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत तर बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. देशाने सीमाप्रश्नाकडे वळून पाहावं म्हणून समितीने केलेला तो उपाय. त्यानंतर कायदा बदलला आणि लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० वर गेली. जिंकायला उभं राहण्यापेक्षा साक्ष द्यायला उभं राहणं, असंही उमेदवारीचं एक रूप असतं, हे मी तेव्हा पाहिलं.

पण पुढे पुढे माघार घेईनाशी माणसं झाली. गट पडले. २००८ साली विधानसभेत समितीचा एकही आमदार गेला नाही. २०१३ ला दोन गेले. २०१८ ला पुन्हा शून्य, २०२३ ला पुन्हा शून्य. फुटीची भीती आमच्या हाडात बसली आहे, आणि त्या भीतीतूनच तो थाळा निघाला.

विधानसभेचीच एक निवडणूक. मतदानाला पाच दिवस राहिले होते. गल्लीत कुजबुज सुरू झाली की अमक्याकडे पाकिटं पोचली, तमक्याच्या ओसरीवर रात्री गाडी थांबली होती. आमच्यातल्या सात-आठ जणांनी ठरवलं की घराघरातून माणूस देवळात बोलवायचा आणि बेलभंडारा उचलून मताची शपथ घ्यायला लावायची. संघटनेने तसं काही सांगितलं नव्हतं. ती आमच्या गल्लीची अक्कल. बेल देवळामागच्या झाडाचा, भंडारा सौंदत्तीहून यल्लम्माच्या यात्रेत आणलेला. थाळा कुणी धरायचा यावर कुणीतरी म्हणालं, "गुर्जी धरू देत. निम्मं गाव त्यांच्या हाताखालनं गेलंय, न्हाई कोण म्हणणार?"

मी धरला. चांगल्या कामासाठी धरतोय असंच मनात होतं, आणि हात थरथरलासुद्धा नाही. माणसं आली, भंडाऱ्यात बोटं बुडवली, बेलाचं पान उचललं, देवाकडे बघून म्हणाली की मत आपल्यालाच. कुणी हसत म्हणालं, कुणी मान खाली घालून. त्या मान खाली घातलेल्यांकडे मी नीट पाहायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे आमच्या गल्लीतली एक म्हातारी माझ्या दारात आली. सगळे तिला आक्का म्हणतात. मीही तिला आक्काच म्हणायचो. तिचा नवरा सीमासत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेला. समितीखेरीज दुसरीकडे शिक्का तिने जन्मात मारला नव्हता. थाळ्यातला भंडारा तिने सगळ्यांच्या आधी उचलला होता. आदल्या रात्री तिची सून अडली. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. आक्काने दोन-तीन दारं वाजवली, कुणाची गाडी मिळेना. शेवटी दुसऱ्या उमेदवाराचं काम करणारा एक पोरगा आपली गाडी घेऊन आला, शहरातल्या दवाखान्यात पोचवलं, अनामत भरली, सकाळपर्यंत बाहेर बाकड्यावर बसून राहिला. बाळ-बाळंतीण सुखरूप. त्या पोराने मताचं नावही काढलं नाही.

आक्का उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "गुर्जी, त्या पोराचं उपकार मी कसं फेडू? माझ्याकडं द्यायला एक मत हाय, दुसरं काय हाय? आन् ते तर मी देवाला देऊन बसलंय. आता हिकडं दिलं तर देव कोपंल, तिकडं दिलं तर माझं मन मला खाईल. दोन्ही देवाचंच हाय की ओ. मला ह्यातनं सोडवा."

मला सोडवता आलं नाही. मी काहीतरी पुटपुटलो, की उपकार वेगळे, मत वेगळं. ते बोलणं चुकीचं नव्हतं, उपकाराची फेड मताने होऊ नये हे मी आजही मानतो. पण ते तिने आपल्या विचाराने ठरवायला हवं होतं. तशी जागाच आम्ही ठेवली नव्हती. मतदानाच्या दिवशी आक्का घराबाहेर पडली नाही. एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. त्यानंतर ती देवळात यायची थांबली. सोमवारी पायरीपर्यंत यायची, खालूनच हात जोडायची, परत फिरायची. शपथ तर तिने मोडलीही नव्हती. तरी आपण देवाला तोंड दाखवायच्या लायकीचे राहिलो नाही, असं तिच्या मनाने घेतलं.

माणसांची एकी राखायला म्हणून आम्ही देव मध्ये घातला, आणि एका बाईचा देव तिच्यापासून तोडला.

तेव्हापासून मी हा विषय जमेल तिथे वाचतो, जाणत्यांना विचारतो. पहिला धक्का कायद्याने दिला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, त्याचं १२३ वं कलम. भ्रष्ट निवडणूक मार्गांच्या यादीत लाचेनंतर लगेच गैरवाजवी दबाव येतो, आणि त्यात स्वच्छ लिहिलं आहे की मतदाराला देवाच्या कोपाची भीती घालणं हा असा दबाव समजावा. लाच आणि देवाची भीती शेजारी शेजारी. मला वाटत होतं आम्ही पाकिटांशी लढतोय. कायद्याच्या नजरेत पाकीटवाला आणि थाळा धरणारा मी एकाच यादीत बसत होतो. पुष्कळ दिवस मला हे पटत नव्हतं. पाकिटात लोभ आहे, थाळ्यात निष्ठा आहे, दोन्ही एक कसे? हळूहळू कळलं की मतदाराच्या बाजूने पाहिलं तर दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. दोन्ही त्याला म्हणतात, तू आता विचार करू नकोस.

आणि पैसे वाटणारेही शपथ घ्यायला लावतातच. पाकीट हातात ठेवून देवाच्या तसबिरीवर हात ठेवायला सांगतात, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. एकाच माणसाने दोन रात्रीत दोन शपथा घेतल्या तर रवळनाथाने कुणाची वही तपासायची?

आमची भाषा या बाबतीत माझ्यापेक्षा शहाणी निघाली. निवडणुकीच्या निकालाला मराठीत आपण कौल म्हणतो. जनतेने कौल दिला. हा शब्द देवळातला आहे. तळकोकणात, गोव्यात रवळनाथाला कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर कळ्या किंवा पाकळ्या चिकटवतो, मनातला प्रश्न देवापुढे मांडला जातो, आणि सगळे श्वास धरून बघत राहतात की उजवीकडची पडते की डावीकडची. कधी कधी बराच वेळ काहीच पडत नाही. कुणी हाक घालत नाही, कुणी फुंकर मारत नाही. कौलाचं सगळं सत्त्व या वाट पाहण्यात आहे. उत्तर आपल्या हातात नाही हे ज्याने कबूल केलं, त्यालाच कौल लावायचा अधिकार. एखाद्याने डावी पाकळी बोटाने दाबून धरली आणि उजवी पडल्यावर देवाने होकार दिला म्हणून गावभर सांगितलं, तर त्याला आपण काय म्हणू? मी थाळा धरून मतदानाआधी पाच दिवस तेच केलं. लोकांच्या कौलाची एक पाकळी बोटाने दाबून धरली.

शपथ मोडणं पाप, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण शपथ पाळणंही पाप असू शकतं, असं महाभारत सांगतं. कर्णपर्वात रागाच्या भरात युधिष्ठिर अर्जुनाला म्हणतो की तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला देऊन टाक. अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा असते की असं म्हणणाऱ्याचा वध करीन. तो तलवार उपसतो, सख्ख्या थोरल्या भावावर. तेव्हा कृष्ण त्याला अडवतो आणि कौशिक नावाच्या तापसाची गोष्ट सांगतो. सदा खरं बोलेन असं त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेली माणसं रानात लपली, मागून आलेल्या दरोडेखोरांनी कौशिकाला विचारलं, त्याने व्रताला जागून जागा दाखवली. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. व्रत न मोडता गेला. माझ्या मते या प्रसंगाइतकी शपथेची कठोर तपासणी आपल्या वाङ्मयात दुसरी नाही. तीच तपासणी गीतेत उलट्या बाजूने येते. अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो की याचा पुरता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल ते कर. ज्याने विश्वरूप दाखवलं, त्यालाही अर्जुनाकडून बेलभंडारा उचलून घ्यावासा वाटला नाही.

मग शपथ वाईटच का? तसंही मला म्हणायचं नाही. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात हिंदी लोकांची सभा भरली होती. नोंदणीच्या जाचक कायद्यापुढे मान तुकवायची नाही, असा ठराव होता. हाजी हबीब नावाच्या व्यापाऱ्याने सांगितलं की हा ठराव देवाला साक्षी ठेवून घ्या. गांधीजी तिथे होते. त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय की ते ऐकून ते दचकले. उभे राहून त्यांनी लोकांना सावध केलं: दुसऱ्यावर नजर ठेवून शपथ घेऊ नका, उद्या बाकी सगळे फुटले आणि आपण एकटे उरलो तरी निभवू, अशी स्वतःच्या मनाची खात्री असेल त्यानेच घ्या, नसेल त्याने घेऊ नका. शपथेला निघालेल्या सभेला आधी ती न घेण्याची वाट दाखवली. पुढे १९२४ च्या डिसेंबरात हेच गांधीजी बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर त्या वेळची. माझे आजोबा बेळगुंदीहून चालत त्या मांडवात गेले होते, असं घरात सांगायचे. आपण आपल्या अंगावर घेतो ती प्रतिज्ञा. दुसऱ्याच्या अंगावर घालतो ते जू. जोहान्सबर्गच्या सभेत पहिली गोष्ट झाली, आमच्या सभामंडपात दुसरी.

मी हे बैठकीत बोललो तेव्हा एक वडीलधारे उठले. आयुष्यभर समितीसाठी झिजलेला माणूस, त्यांच्याशी वाद घालायला मला अवघड वाटतं. ते म्हणाले, "गुर्जी, तुमचं शास्त्र बरोबर असंल. पर समोरच्याकडं पैसा हाय, सत्ता हाय. आमच्याकडं देवाबिगर काय हाय?"

याचं उत्तर मी त्यांना त्या रात्री नीट देऊ शकलो नाही. आज देतो. काका, आपल्याकडे १९८६ चा जून आहे. कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराला जे नऊ जण बळी पडले, त्यांत आपल्या बेळगुंदीची माणसं होती. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी आपण दर १ जूनला उभे राहतो. तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या ज्या ज्या माणसांना मी ओळखतो, त्यांतल्या एकालाही कुणी थाळा धरून घराबाहेर काढलं नव्हतं. पोरांना आपल्या भाषेत शिकता यावं आणि आपला कागद आपल्याला वाचता यावा एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते त्यांचं त्यांना कळलेलं होतं. ज्या गावाने एवढं दिलं, त्या गावाच्या निष्ठेला पिवळ्या बोटांचा पुरावा आपण मागितला. अविश्वास आपण दाखवला, लोकांनी नाही.

फूट पडते ती मतदारांत आधी पडत नाही. ती पडते इच्छुकांत, माघार न घेणाऱ्यांत, तालुक्याच्या बैठकीतून उठून जाणाऱ्यांत. आक्कासारख्यांनी कधी दोन उमेदवार उभे केले नव्हते. तरी शपथ आम्ही तिच्याकडून घेतली. राज्यघटना इथेही सरळ आहे. तिसऱ्या परिशिष्टात शपथांचे नमुने दिलेत. विधानसभेला उभं राहणाऱ्या उमेदवाराने शपथ घ्यायची, निवडून आल्यावर आमदाराने पुन्हा घ्यायची, मंत्री झाला तर आणखी घ्यायची. ईश्वराला साक्षी ठेवून घ्या नाहीतर गांभीर्याने प्रतिज्ञा करा, दोन्हींची सोय आहे. मतदान केंद्रात मतदाराला मात्र अशी कुठलीच शपथ घालत नाहीत. त्याच्यासाठी कायद्याने पडदा लावलाय. २५ जानेवारीला मतदार दिनाची प्रतिज्ञा असते, मीही शाळेत मुलांना ती म्हणायला लावली आहे, पण ती निर्भयपणे मत देण्याची आहे, अमक्याला देण्याची नाही. त्या प्रतिज्ञेत धर्म, जात यांच्याबरोबर भाषेच्याही प्रभावाखाली न येता मत द्या असं वाक्य आहे, आणि ते म्हणताना सीमाभागातल्या मास्तराच्या घशात काय अडकतं ते मला ठाऊक आहे. पण आपली भाषा जपावी असं सांगत मत मागणं हा गुन्हा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच एका हिंदीच्या प्रकरणात सांगितलंय. भाषा जपण्यासाठी मत मागायला आपल्याला मोकळीक आहे. मागायला.

पण आक्काचं तसंच राहिलं होतं. मग मी गुरवाकडे गेलो. त्याला आक्काचं सांगितलं आणि विचारलं, हिला सोडवायचं कसं? तो माझ्याहून वयाने लहान, शाळेत माझ्याच हाताखालचा. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "शपथ ज्यानं उचलाय लावली त्यानं नारळ ठेवायचा गुर्जी. तिचा काय दोष?" सोमवारी सकाळी मी नारळ ठेवला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की लेकराच्या हातून अजाणता काही चुकलं असेल तर पदरात घे. ते लेकरू मी होतो, सत्तरीला टेकलेलं. आक्काला मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. ती आली, पायऱ्या चढली, मी पूर्वी टेकायचो त्या खांबाशी उभी राहिली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अंगारा लावून घेतला आणि घरी गेली. तिने मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही.

गाऱ्हाणं आणि शपथ यांतला फरक त्या सकाळी मला कळला. गाऱ्हाण्यात माणूस देवाला सांगतो की आमचं असं असं आहे, तू बघ. सगळं गाव एकत्र उभं असतं आणि कुणावर बोट नसतं. म्हणून बैठक देवळातून उठवून दुसरीकडे न्यावी, असं मी म्हणणार नाही. रवळनाथापुढे बसलं की माणूस जरा जपून बोलतो, शिवी तोंडात अडते, खोटा हिशेब मांडताना जीभ चाचरते. ते राहू दे. आधी गाऱ्हाणं होऊ दे, रताळ्यापासून दाव्यापर्यंत सगळे विषय होऊ देत, रात्रीचे दोन वाजले तरी वाजू देत. ज्याला उमेदवार पटला नाही त्याला ते तोंडावर सांगता येऊ दे.

गावकऱ्यांना आणि पंचक्रोशीतल्या पंचांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या बैठकीला थाळा आणायचाच असेल तर तो इच्छुकांपुढे धरा. नाव दुसऱ्याचं ठरलं तर मी माघार घेईन, हे ज्याला स्वतःच्या मनाने म्हणता येत असेल त्याने बेलाचं पान उचलावं, येत नसेल त्याने तसं सांगून उठावं. समोर बसलेल्या आयाबायांना, म्हाताऱ्यांना, पहिलं मत द्यायला निघालेल्या पोरांना त्या थाळ्याला बोट लावू देऊ नका.